लिंबाच्या वासाची बाटली

१

चिंगीच्या मानेवर डास चावल्याचा लालभडक चट्टा दिसला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. मग कानामागे दुसरा दिसला. तिने कप उचलला तेव्हा हाताच्या पाठीवर तर रांगच लागलेली.

"हे काय गं?"

"काही नाही मावशी. चावलंय काहीतरी," म्हणत तिने ओढणी गळ्याभोवती ओढून घेतली.

चिंगी माझी भाची. पोटुशी आहे. गेल्या वर्षी एकदा सगळं होत्याचं नव्हतं झालं, त्याबद्दल तिच्या घरात कुणी चकार शब्द काढत नाही. त्यामुळे या खेपेला तिला नुसती शिंक आली तरी माझा जीव खालीवर होतो. सुट्टीसाठी या बेटावर यायचं ठरलं तेव्हा मी कडाडून विरोध केला होता. उष्ण, दमट हवा, झाडी, पाणी, म्हणजे डासांचं माहेरघरच. पण जावईबापूंना रजा मिळाली होती, सासरची सगळी मंडळी निघाली होती, आणि "मावशी, तू चल ना सोबतीला" असं चिंगी म्हणाली म्हटल्यावर माझी तलवार म्यान झाली.

"तुझी ती फवारण्याची बाटली कुठाय?" मी विचारलं.

बाटली टेबलावरच होती. मी दोनदा दाबून मनगटावर फवारा मारला. वास तोच, लिंबाचा, थोडा औषधी. पण आलो त्या संध्याकाळी हेच औषध मी स्वतः लावलं होतं, तेव्हा कातडीवर चिकट थर बसला होता आणि घड्याळाचा पट्टा सारखा चिकटत होता. आता मात्र वाऱ्याची झुळूक आली आणि मनगट कोरडं ठाक.

"मावशी, त्या बाटलीत काही दम नाही बरं का," पलीकडे बसलेले जावईबापू पोटऱ्या खाजवत म्हणाले. "काल संध्याकाळी मीही अंगभर तेच मारलं होतं. बघा, पायांची नुसती चाळण झालीय."

मी चिंगीच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोमट नव्हतं, गरम होतं.

आयुष्यभर मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली. गोदामाला लागलेली आग कुठली आणि लावलेली कुठली, ते राखेवरून ओळखायचं, हे माझं काम. त्यामुळे मला एक गोष्ट तिथल्या तिथे कळली. या बाटलीतलं औषध आपोआप बिघडलेलं नव्हतं. ते कुणीतरी काढून घेतलं होतं आणि त्याच वासाचं दुसरं काहीतरी आत भरलं होतं.

२

बेटावर एकच दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी चिंगीचा ताप मोजला, रक्त काढून घेतलं आणि मग बाटलीतला एक फवारा स्वतःच्या हातावर मारला. हात हुंगला, अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे सुगंधी पाणी आहे," त्या म्हणाल्या. "सिट्रोनेला गवताचं असावं. वाईट काही नाही. पण ते उडून जातं. थोडा वेळ डास लांब राहतात, मग पंगतीला बसतात."

"पण वास तर तोच आहे," जावईबापू म्हणाले.

"वासावर जाऊ नका हो. माणसाच्या नाकाला जे सारखं वाटतं ते डासाला सारखं वाटत नाही."

निघायच्या आधी आमच्याकडे या विषयावर अक्षरशः संसदेचं अधिवेशन भरलं होतं. डास घालवायला सोबत काय न्यायचं? चिंगीची नणंद नैसर्गिक साबण आणि अर्कांचं दुकान चालवते, त्यामुळे मी मनातल्या मनात तिला अर्कवाली म्हणते. ती सिट्रोनेला आणि लव्हेंडरची पेटी घेऊन आली होती. विहीणबाई, म्हणजे चिंगीच्या सासूबाई, कडुनिंबाचं तेल खोबरेल तेलात कालवून आणणार होत्या. जावईबापूंनी मनगटाला बांधायचा कसलासा वासाचा पट्टा मागवला होता. "रसायन नको, निसर्गाला धक्का नको, सगळं नैसर्गिक हवं," असा सगळ्यांचा एकच घोष. मला नैसर्गिक या शब्दाचं फार कौतुक नाही. खाजकुयलीसुद्धा नैसर्गिकच असते. पण शेवटी चिंगीच्या डॉक्टरांनी तोडगा काढला. लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या पानांपासून काढलेलं, नीट तपासलेलं आणि गरोदर बाईला चालणारं औषध त्यांनी सांगितलं. म्हणजे झाडाचंही झालं आणि डॉक्टरांचंही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मी समजले की भांडण मिटलं.

"बंदराकडच्या वस्तीत तापाचे रुग्ण निघालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डासांचाच ताप आहे. रक्ताचा अहवाल आज संध्याकाळी फोनवर सांगते. तोपर्यंत हिला एकही डास चावता कामा नये."

त्यांनी त्याच औषधाची नवी बाटली दिली. ती मी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"आजच परत जाऊ या," मी म्हणाले.

"कशा जाणार?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समुद्र फेसाळला होता, बोटी बंद झाल्या होत्या.

म्हणजे ज्याने एकदा बाटली बदलली तो माणूस आणि चिंगी, दोघंही त्याच छपराखाली अडकले होते. तो पुन्हा बदलणार नाही कशावरून?

३

आमच्या निवासाचा व्यवस्थापक म्हणजे एक वल्ली. निवासातलं सांडपाणी शेवटी खाडीत जातं आणि खाडीत प्रवाळ आहे, म्हणून दारातच तो पाहुण्यांची क्रीमं आणि फवारे तपासतो. तपासतो म्हणजे नाकाने. प्रत्येक बाटली उघडून हुंगतो आणि उग्र वाटली की जप्त करतो. चिंगीची बाटलीसुद्धा आल्या दिवशी बराच वेळ त्याच्या टेबलावर होती.

"तुम्ही तिच्यात काही मिसळलंत का? किंवा ओतून घेतलंत?" मी सरळच विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "बाई, मी हुंगतो. हात लावत नाही. वास लिंबाचा आला, मी परत दिली."

खरं सांगायचं तर त्याच्यावर संशय घ्यायला मला फार आवडलं असतं. परका माणूस चोर निघाला की घरात शांतता राहते. पण बाटली त्याच्याकडून परत आल्यानंतर, त्याच संध्याकाळी, मी तिच्यातलं औषध लावून व्हरांड्यात बसले होते. ते चिकटही होतं आणि मला डास चावलाही नव्हता. तोपर्यंत बाटलीत खरं औषध होतं. दुसऱ्या संध्याकाळी नव्हतं. अदलाबदल मधल्या वेळात झाली होती, आणि त्या वेळात चिंगीच्या खोलीत फक्त घरची माणसं गेली होती.

"एक विचारू?" मी उठता उठता म्हणाले. "खोल्या झाडायला कुणी येतं का?"

"नाही. पाहुणे आपापला कचरा वेगळा करतात आणि डबा दाराबाहेर ठेवतात. ठेवला तरच आम्ही उचलतो. आत कुणीही जात नाही."

चौकशीला वीसेक पावलांवरच्या आमच्याच व्हरांड्यात परत यावं लागणार होतं.

४

अर्कवाली व्हरांड्यात तिची लाकडी पेटी उघडून बसली होती. मी काही विचारायच्या आतच तिने तोफ डागली.

"मावशी, बरं झालं आलात. माझ्या सिट्रोनेलाच्या पाण्याची बाटली कुणीतरी अर्धी केलीय. मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? चोरून कशाला घ्यायचं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. चिंगीच्या बाटलीत काय भरलं ते कळलं, आणि ते कुठून आलं तेही.

"तूच भरलंस का गं वहिनीच्या बाटलीत?"

"मी?" ती पेटीचं झाकण आपटून उभी राहिली. "मला भरायचंच असतं तर ते नुसतं पाणी कशाला भरलं असतं? ते उन्हातून आल्यावर तोंडावर मारायला आणलंय. डासांसाठी माझं खास तेल आहे, लव्हेंडर, लवंग, सगळं घातलेलं. आणि मी भरलं असतं तर सगळ्यांना सांगितलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. अर्कवालीने कुणाचं भलं केलं आणि ते गावभर झालं नाही, असं कधी घडलेलं नाही. शिवाय जिने पाणी काढलं ती आपणहून बोंब ठोकेल कशाला? तिच्या नावावर मी मनातल्या मनात काट मारली.

"तुझी पेटी कुठे असते?"

"इथेच, व्हरांड्यात. कुणीही घ्यावं. पण विचारून!"

ती मग पाठीमागून बोलतच राहिली. कुठल्या क्रीममुळे काय होतं, कशाने कातडी जाते, कशाचा अंश रक्तात सापडतो. हे सगळं ती फोनवर वाचते आणि जेवताना आम्हाला ऐकवते. कालही नाश्त्याला तिने असंच काहीतरी सुरू केलं होतं आणि चिंगी ताटावरून उठून गेली होती. तेव्हा मला वाटलं, बिचारीला मळमळलं असेल.

जावईबापूंना मी फार ताणलं नाही. ते पायांना बर्फ लावून बसले होते. बाटलीत नुसतं पाणी आहे हे ज्याला ठाऊक आहे तो ते अंगभर मारून उघड्या पायांनी संध्याकाळी झाडाखाली पत्ते खेळत बसेल का? माणूस वेंधळा आहे, पण एवढाही नाही.

"मावशी, कोण असेल हो?" ते हळूच म्हणाले. मग आणखी हळू. "आई तर नसेल ना?"

 माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं.

५

आलो त्या रात्रीच्या जेवणात विहीणबाई एक वाक्य बोलल्या होत्या. चिंगी हातावर फवारा मारून जेवायला बसली होती. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी पोटुशीने असलं काही अंगाला लावलं नाही बाई. जे कातडीला लागतं ते पोटात उतरतं." त्यावर मी म्हणाले, "आणि डास चावून ताप आला तर तो कुठे उतरतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहीणबाई कडुनिंबाच्या तेलाची वाटी घेऊन चिंगीच्या खोलीत गेल्या होत्या. मी स्वतः पाहिलं होतं. हेतू होता, संधी होती. कंपनीत असते तर एवढ्यावर मी दावा फेटाळला असता.

त्या खोलीत पलंगावर बसून होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "विचारा काय विचारायचंय ते."

"तुम्ही काल सकाळी तिच्या खोलीत गेला होतात."

"गेले होते. तेल ठेवलं आणि आले."

"बाटली टेबलावर होती?"

"असेल. मी नाही पाहिली."

"चिंगी कुठे होती?"

आता मात्र त्यांनी मान वर केली. त्यांचं आणि चिंगीचं न्हाणीघर लागून आहे, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, अपराध्याची भीती.

"आंघोळीला," त्या म्हणाल्या.

"मग खोलीत तुम्ही एकट्याच होतात."

"हो. होते."

"विहीणबाई, खरं काय ते सांगून टाका. ती आजारी आहे. पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"मला ठाऊक नाही का ते?" त्या एकदम कडाडल्या आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यानंतर किती विचारलं तरी मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प.

मी बाहेर आले तेव्हा रागाने माझे कान तापले होते. सापडली, असं वाटत होतं. पण तरी काहीतरी खटकत होतं. त्यांच्या समोर तिपाईवर प्यायच्या पाण्याची बाटली होती, न उघडलेली, आणि त्यांचे ओठ सुकलेले होते. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेत. बोटीवरही बाटलीचं झाकण उघडायला त्यांनी मुलाला हाक मारली होती. फवाऱ्याच्या बाटलीचं तोंड तर त्याहून घट्ट. मी सकाळी पिळून पाहिलं होतं, मलाच दात-ओठ खावे लागले.

मग ते उघडलं कुणी?

६

चिंगी जाळीच्या मच्छरदाणीत झोपली होती. मी तिच्या न्हाणीघरात गेले. खरं औषध गेलं कुठे, हा प्रश्न मी इतका वेळ स्वतःला विचारलाच नव्हता. राख बघितल्याशिवाय आगीबद्दल बोलणारी मी, घरच्या माणसांवर चिडून राखच विसरले होते.

कचऱ्याचा डबा कोपऱ्यात होता. कुणी तो दाराबाहेर ठेवलाच नव्हता. वर चार कागद होते. ते बाजूला केले तर खाली कापसाचे बोळे. एक नाही, दोन नाही, अख्खं पुडकं. ओले होऊन सुकत आलेले, एकमेकांना चिकटलेले. मी एक उचलला. बोटांना तोच चिकट थर लागला आणि तोच लिंबाचा वास आला.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसले.

ज्याने औषध काढलं त्याने ते मोरीत ओतलं नव्हतं. खाडीत जाऊ नये म्हणून कापसात टिपून घेतलं होतं. एवढ्या गडबडीतही ज्याला प्रवाळाची काळजी वाटली, असा तो माणूस. घाईत खोलीत शिरलेल्याचं हे काम नाही. याला वेळ हवा, आणि आतून कडी लावता यायला हवी.

ही खोली दोघांची. जावईबापूंच्या पायांची चाळण झाली होती.

मग मला काल सकाळ आठवली. चिंगी या उकाड्यात जाड मोजे घालून नाश्त्याला आली होती, आणि मी "काय गं, बर्फ पडणार आहे का?" म्हणून हसले होते. नाश्त्यावरून उठून ती भर सकाळी मच्छरदाणीत जाऊन बसली होती. संध्याकाळी मीच तिला हवेवर बसायला ओढून बाहेर काढलं. आज तिला चावे होते ते मानेवर, कानामागे, हातांवर. पायांवर एकही नव्हता. म्हणजे बाटलीत दम नाही हे आम्हाला आज कळलं, पण काल सकाळपासून कुणीतरी ते जाणून स्वतःला झाकत होतं.

मागे मच्छरदाणी हलली. चिंगी उठून बसली होती. तिने माझ्या हातातला बोळा पाहिला. तेवढ्यात दारातून जावईबापूंची हाक आली. "मावशी, लवकर या. आई सगळ्यांना बोलावतेय. म्हणते, तिला काहीतरी कबूल करायचंय."

७

व्हरांड्यात सगळे जमले. ऊन उतरत होतं. विहीणबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "मावशीबाईंना कळलंच आहे. सुनेच्या अंगाला ते औषध नको म्हणून मी काढून टाकलं. काय बोलायचं ते मला बोला. तिला काही विचारू नका."

"आई!" जावईबापू ओरडले. "तिला ताप आलाय! तुला काही वाटतं का?"

"वाटतं."

अर्कवालीने कपाळावर हात मारला. मी विहीणबाईंकडे बघत होते. कबुली देणाऱ्या माणसांची मला सवय आहे. खोटी कबुली देणारा नेहमी घाईत असतो.

"कुठे ओतलंत?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे... मोरीत."

"आणि झाकण कुणी उघडून दिलं?"

त्यांनी आपले हात पदराखाली घेतले. "तुम्हाला काय करायचंय त्या झाकणाशी? मी केलं म्हणतेय ना? मिटवा आता."

तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांतली ती भीती कळली. ती स्वतःसाठी नव्हती.

"तुम्हाला कालपासून माहीत होतं," मी म्हणाले.

"फळ्यांच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं मावशीबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कुणी नळ सोडून रडत असलं तरी."

"आई, पुरे," चिंगी दारातून म्हणाली. तिने चौकट धरली होती. "मावशी, यांनी नाही केलं. मी केलं."

जावईबापू तिच्याकडे निघाले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"तू म्हणायचीस, नाही लावलं तर तापाने बाळ जाईल. आई म्हणाल्या, लावलं तर पोटात उतरेल. ताई रोज काहीतरी वाचून दाखवायच्या. मी कुणाचं ऐकू? दोन्हीकडून जाणार होतं ते बाळच." तिचा आवाज फाटला. "गेल्या वेळी घरात झुरळांचं औषध मारून घेतलं होतं. मीच माणूस बोलावला होता. आणि त्याच आठवड्यात... डॉक्टर म्हणाले त्याचा काही संबंध नाही. पण डॉक्टर काय, धीर द्यायला म्हणणारच. म्हणून मी ते काढून टाकलं. वास तोच राहिला की तू विचारणार नाहीस असं वाटलं. मोजे घातले, जाळीत बसले. वाटलं, डासही नको आणि औषधही नको, असंच निभावेल."

हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला नाही, मलाही नाही. आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसून नैसर्गिक काय आणि रासायनिक काय यावर तोंडाची वाफ दवडत होतो, एकमेकांवर कुरघोडी करत होतो. मला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात व्यवस्थापक कार्यालयातून धावत आला. दवाखान्यातून फोन होता. मी गेले आणि रिसीव्हर कानाला लावला.

"आजच्या रक्तात काही सापडलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजचा ताप कालच्या चाव्यांचा नसणार, पण त्यांचं काही असलं तर ते इतक्या लवकर सापडतंच असं नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघू. आता तिला एकही डास चावू देऊ नका. औषध लावताय ना?"

"लावतो," मी म्हणाले.

परत आले तर डास गुणगुणायला लागले होते. मी निरोप सांगितला. कुणी हुश्श केलं नाही. मी पर्समधून नवी बाटली काढली आणि चिंगीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"चिंगे, डॉक्टरांनी..." मी सुरुवात केली आणि गप्प बसले. हेच तर मी इतके दिवस करत होते.

विहीणबाई पुढे झाल्या. बाही वर सारून त्यांनी आपला सुजलेला हात माझ्यासमोर धरला. "आधी मला मारा."

मी फवारा मारला. चिंगी ते बघत होती.

"त्याने काय होणार आई?" ती म्हणाली. "तुमच्या पोटात बाळ नाहीये."

"नाहीये," विहीणबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी जे झालं ते तुझ्यामुळे झालं नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घरात वावरत राहिले, तुला वेळेवर जेवायला वाढत राहिले, पण हे एक वाक्य बोलले नाही. तू स्वतःलाच धरून बसलीस, आणि ते मला कालपर्यंत कळलं नाही. चुकलं माझं."

चिंगी रडायला लागली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. जावईबापूंना कुठे बघावं कळेना, अर्कवालीने कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. एक डास चिंगीच्या कानाजवळ आला आणि विहीणबाईंनी तो हाताने उडवून लावला.

मग चिंगीने डोळे घट्ट मिटले आणि एक हात पुढे केला. विहीणबाईंनी तो खालून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"हं, मारा आता," त्या मला म्हणाल्या.